पळसाचा अर्क आणि रंगपेशी: जळगावच्या प्रयोगशाळेतील प्रकल्प नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५

सातपुड्याच्या पायथ्याच्या पळसफुलांतले फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतले फिनॉल-वर्गी रेणू) त्वचेच्या रंगपेशींमधले मेलॅनिन कमी करतात, वाढवतात, की काहीच करत नाहीत, एवढाच प्रश्न आहे. त्वचा उजळवणाऱ्या अर्कांवर ढीगभर काम झाले आहे आणि त्यातले बरेचसे मशरूमच्या टायरोसिनेजवरच्या (मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमवरच्या) एका चाचणीपाशी संपते. आम्हाला जिवंत पेशीपर्यंत जायचे आहे आणि वाढीची बाजूही तितक्याच काळजीने तपासायची आहे. अंगावर कोड असलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की घराघरात काय होते, हे खान्देशात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मेलॅनिन वाढवणारा एखादा निर्धोक रेणू आमच्या लेखी उजळपणाच्या दहा रेणूंहून मोलाचा आहे.

फुले चोपडा तालुक्यात वैजापूरच्या बाजूला शेतांच्या बांधांवरून, मालकांना विचारून घेतली. अभयारण्याच्या हद्दीतले एकही झाड घेतले नाही. झाडाखाली पडलेली फुले टाळली: जमिनीवर एक दिवस राहिलेले फूल कडेने काळपट होते, म्हणजे त्यातले फिनॉल ऑक्सिडीकरण होऊन गेलेले असते, वर बुरशीची भर. दव उडाल्यावर, फांदीवरचीच. प्रत्येक झाडाची फांदी, पान आणि फूल दाबून हर्बेरियमसाठी ठेवले. झाडाचा क्रमांक पिशवीवर आणि वहीत दोन्हीकडे लिहिला.

२८ फेब्रुवारी

मखमली निदलपुंज वेगळा काढून फक्त पाकळ्या सावलीत, जाळीवर, एकेरी थरात वाळवल्या. फेब्रुवारीची इथली हवा इतकी कोरडी असते की पंखाही लागत नाही. उन्हात वाळवू नये, रंग तासाभरात फिका पडतो. पाकळी बोटांनी चुरली जाते तेव्हा वाळली असे समजायचे. वाकली तर अजून पाणी आहे. मिक्सरमध्ये थांबून थांबून दळणे, कारण भांडे तापले की पूड चिकट होते. चाळून हवाबंद काचेच्या बरणीत, सोबत सिलिका जेलची पुडी, बरणी काळ्या कागदात.

६ मार्च

अर्क: १० ग्रॅम पूड, १०० मिली ७० टक्के इथेनॉल, झाकण घट्ट, शेकरवर रात्रभर. व्हॉटमन १ नंबरच्या गाळणकागदातून गाळून चोथ्यावर पुन्हा तेवढेच इथेनॉल. दोन्ही गाळलेली द्रावणे एकत्र करून रोटाव्हॅपवर (कमी दाबावर द्रावक उडवणारे यंत्र) पाण्याची टाकी ४० °से., त्याहून वर नाही. इथेनॉल गेल्यावर उरलेले पाणी फ्रीज-ड्रायरवर. शेवटी तांबूस, ओलावा पटकन धरणारी पूड मिळते. छोट्या कुप्यांत वाटून उणे २० वर. एकच कुपी पुन्हा पुन्हा उघडली की दमट पुडीचे वजन फसवते.

तापमानाचा हट्ट विनाकारण नाही. पळसात दोन जोड्या आहेत: ब्युटेइन हे चाल्कोन आणि ब्युटिन हे फ्लॅव्हॅनोन, त्यांचीच ग्लुकोज लागलेली रूपे म्हणजे आयसोब्युट्रिन आणि ब्युट्रिन. चाल्कोनचे उघडे वलय मिटले की फ्लॅव्हॅनोन होते, अल्कली मिळाली की ते पुन्हा उघडते. उष्णता आणि पीएच जसे असतील तसे या जोडीचे प्रमाण सरकते. एकाने उकळून काढलेला अर्क आणि दुसऱ्याने थंड इथेनॉलने काढलेला अर्क एकाच झाडाचे असले तरी एकच पदार्थ नव्हेत.

११ मार्च

एकूण फ्लेव्होनॉइड ॲल्युमिनियम क्लोराइडने, ४१५ नॅनोमीटरला (नॅमी), क्वेरसेटिन या फ्लेव्होनॉइडच्या प्रमाण-रेषेवर. आकडा येतो, पण पळसासाठी तो अपुरा आहे. ॲल्युमिनियम ज्याला धरून पिवळा रंग देते ती रचना म्हणजे कार्बोनिल आणि त्याच्या शेजारचा हायड्रॉक्सिल. क्वेरसेटिन आणि ल्युटिओलिनमध्ये ती आहे, ब्युटिनमध्ये नाही. फ्लॅव्हॅनोन मोजायला डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिनची पद्धत वेगळी करावी लागते. ती नसेल तर अहवालात ‘एकूण’ हा शब्द वापरू नये.

एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत): सी१८ कॉलम, ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल आणि ॲसिटोनायट्राइल. २८० नॅमीला फ्लॅव्हॅनोन, ३७० ला चाल्कोन. दोन्ही तरंगलांबींचे छापील आलेख बॅचच्या पानावर चिकटवले. पुढच्या बॅचमध्ये ३७० ची शिखरे खाली आली तर अर्क जुना झाला असे धरायचे.

गावाकडे होळीआधीचे भोंगऱ्या बाजार सुरू झालेत. होळीच्या रंगासाठी फुले उकळणाऱ्या बायका त्यात चिमूटभर चुना टाकतात, पिवळा रंग गडद केशरी होतो. ६ मार्चच्या नोंदीतलीच, अल्कलीने वलय उघडण्याची रसायनक्रिया ती. ही गोष्ट लक्षात ठेवायची, मेलॅनिन मोजताना लागणार आहे.

१९ मार्च

मशरूम टायरोसिनेज. वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ६.८) १४० मायक्रोलिटर, नमुना २०, एन्झाइम २०, २५ °से. ला १० मिनिटे. मग १० मिलिमोलर एल-डोपा (एन्झाइम ज्याचे रंगीत द्रव्य करते तो कच्चा माल) २०. एकूण २००, म्हणजे डोपा शेवटी १ मिलिमोलर. १० मिली डोपा करायला १९.७ मिग्रॅ. डोपा त्याच दिवशी, बर्फात, फॉइलमध्ये. गुलाबी झाक दिसली की ओतून टाकणे. ४७५ नॅमीला दर ३० सेकंदांनी वाचन, उतार पहिल्या दोन-तीन मिनिटांचा. दहाव्या मिनिटाचे एकच शोषण-वाचन घेऊन टक्केवारी काढू नये.

त्यामागचे कारण आलेखातच दिसते. कॅटेकॉल गट असलेले फ्लेव्होनॉइड तयार झालेल्या डोपाक्विनोनला परत डोपा करून टाकतात. तेव्हा रेषा काही वेळ सपाट चालते आणि मग नेहमीच्या चढाने वर जाते. ही नुसती दिरंगाई, एन्झाइम धडधाकट असते. खरा रोधक चढच कमी करतो. एकाच वेळी घेतलेल्या एका वाचनात दोन्ही सारखेच दिसतात. क्वेरसेटिन तर स्वतःच टायरोसिनेजचे भक्ष्य होते, म्हणून ‘नमुना अधिक एन्झाइम, डोपा नाही’ असा वेल प्रत्येक मात्रेला हवाच.

कोजिक आम्ल प्रमाण म्हणून लावले. त्यातला कार्बोनिल आणि शेजारचा हायड्रॉक्सिल मिळून एन्झाइममधल्या तांब्याला धरतात. केम्फेरॉलसारख्या फ्लॅव्होनॉलमध्येही हीच जोडी तिसऱ्या-चौथ्या कार्बनवर आहे. पळसाच्या कच्च्या अर्काने चढ कमी केला. ०.०१ टक्का ट्रायटन (साबणासारखे द्रव्य) घालून तीच चाचणी पुन्हा लावली, कारण पॉलिफिनॉलचे पुंजके प्रथिनाला सरसकट चिकटतात आणि तो रोध ट्रायटनमध्ये विरघळतो. कच्च्या अर्काच्या बाबतीत हा वेल न लावता काढलेला निष्कर्ष आम्ही धरत नाही.

मशरूमवरून माणसाकडे उडी मारू नये याचा चांगला दाखला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मानवी टायरोसिनेज वापरून केलेल्या कामात आहे. तिथे कोजिक आम्लाला निम्मा रोध करायला सुमारे ५०० मायक्रोमोलर लागले. मशरूमच्या एन्झाइमला त्याहून कितीतरी कमी पुरते.

२७ मार्च

पेशी आल्या: बी१६-एफ१०, उंदराच्या मेलॅनोमाच्या, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून. टी-२५ फ्लास्क गळ्यापर्यंत माध्यमाने भरलेला, झाकणावर पॅराफिल्म, थर्माकोलच्या पेटीत. बर्फ अजिबात नको. माध्यम गळ्यापर्यंत भरलेले असले की गाडीच्या हेलकाव्यात पेशी कोरड्या पडत नाहीत. आल्याबरोबर न उघडता ३७ °से. ला रात्रभर, मग जादा माध्यम काढून ५ मिली ठेवणे. काढलेले माध्यम फेकू नये, गाळून पहिल्या एक-दोन फीडला अर्धे मिसळावे.

पहिल्याच वाढीत पुरेशा कुप्या गोठवून ठेवल्या. द्रव नायट्रोजन जिल्ह्यात सहज मिळतो, कारण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचा पुरवठा चालूच असतो. डिवारमधली (नायट्रोजनच्या थर्मास-टाकीतली) पातळी दर आठवड्याला पट्टीने मोजून लिहायची. बी१६ जसजशी पॅसेज होते (नव्या फ्लास्कमध्ये पातळ करून वाढवली जाते) तसतशी फिकी पडत जाते. म्हणून कुपी बाहेर काढल्यापासून २० पॅसेजच्या आतच काम.

५ एप्रिल

पेशींचे पोषक माध्यम डीएमईएम, १० टक्के एफबीएस (वासराच्या रक्ताचे सिरम), ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. काही प्रयोगशाळा बी१६ आरपीएमआय-१६४० या दुसऱ्या माध्यमात वाढवतात. आमची हरकत टायरोसिनमुळे आहे: डीएमईएममध्ये ते लिटरला सुमारे ७२ मिग्रॅ, आरपीएमआयमध्ये सुमारे २० मिग्रॅ. मेलॅनिनचा कच्चा मालच साडेतीन पटींनी वेगळा असेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलला १ लाख पेशी, २ मिली माध्यम, २४ तास चिकटू देणे, मग औषध (म्हणजे तपासायचा अर्क किंवा रेणू), मग ४८ ते ७२ तास. दाट पेरणी झाली तर औषध न देताही पेशी तिसऱ्या दिवशी काळ्या होतात. अर्काने पेशींची वाढ मंदावली की त्या विरळ राहतात, विरळ राहिल्या म्हणून फिक्या दिसतात, आणि अर्क उजळवतो असा निकाल हाती येतो. यावर उपाय म्हणून नियंत्रणातच (औषध न दिलेल्या पेशींत) तीन वेगवेगळ्या घनता पेरून घनता आणि मेलॅनिन यांची रेषा काढली. औषधाचा प्रत्येक वेल आता याच रेषेशी ताडायचा.

फिनॉल रेड नसलेले माध्यम घेतले. तो रंग आम्लात पिवळा होतो आणि माध्यमात सोडलेले मेलॅनिन ४०५ नॅमीला मोजताना मध्ये येतो.

उत्तेजनासाठी अल्फा-एमएसएच (मेलॅनिन वाढवणारे संप्रेरक) १०० नॅनोमोलर. १ मिग्रॅ पेप्टाइड ६ मिलीमध्ये म्हणजे १०० मायक्रोमोलर साठा, वापरताना हजारपट पातळ. पेशीवरच्या एमसी१आर ग्राहीला लागले की आतला संदेशरेणू सायक्लिक एएमपी वाढतो, पुढे पीकेए आणि सीआरईबी ही प्रथिने, मग रंगपेशींची जनुके चालू करणारे एमआयटीएफ आणि शेवटी मेलॅनिन बनवणारी एन्झाइमे: टायरोसिनेज, टीआरपी-१, टीआरपी-२. रोधक पाहायचा तर उत्तेजित पेशींत, वाढवणारा पाहायचा तर अनुत्तेजित पेशींत. दोन्ही प्रश्न एकाच प्लेटवर कोंबायचे नाहीत.

१२ एप्रिल

साठ्याची द्रावणे. क्वेरसेटिन ५० मिलिमोलर, डीएमएसओ या द्रावकामध्ये: निर्जल असेल तर १ मिलीला १५.१ मिग्रॅ, डायहायड्रेट असेल तर १६.९. बाटलीवरचे लेबल नीट वाचा; डायहायड्रेट निर्जल समजून तोलले तर मात्रा सुमारे ११ टक्क्यांनी कमी पडते. हजारपट पातळ केल्यावर ५० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. प्रत्येक वेलमध्ये, नियंत्रणातही, तेवढाच डीएमएसओ. १ ते २ टक्क्यांना तो स्वतःच मेलॅनोमा पेशींचे मेलॅनिन बदलतो.

५० मायक्रोमोलरच्या वर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुया दिसू लागतात का ते पाहणे. सुया दिसल्या तर ती मात्रा कागदावरच आहे, पेशीला ती मिळतच नाही.

१५ एप्रिल

एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळा करतात तो रंग; पेशी किती जगल्या ते पाहण्याची चाचणी). ५ मिग्रॅ प्रतिमिली साठा, वेलमध्ये दहापट पातळ, ३ तास, मग डीएमएसओ, ५७० नॅमी. पेशी नसलेल्या वेलमध्ये माध्यम, क्वेरसेटिन आणि एमटीटी एवढेच घातले तरी जांभळा रंग येतो. फ्लेव्होनॉइड स्वतःच एमटीटीचे क्षपण करतात, जिवंत पेशीची गरजच पडत नाही. अशाने मरणाऱ्या पेशीही धडधाकट दिसतात आणि विषारी मात्रा सुरक्षित म्हणून पुढे जाते. औषधाचे माध्यम काढून गरम पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) दोनदा धुऊनच एमटीटी घालणे, आणि पेशीविरहित वेल प्रत्येक मात्रेला. एवढे करूनही काळ्या पेशींतले मेलॅनिन ५७० ला शोषण देतेच. म्हणून निर्णायक चाचणी एसआरबी या प्रथिनाला धरणाऱ्या रंगाची: १० टक्के थंड टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल), ४ °से. ला एक तास, पाण्याने धुणे, १ टक्का ॲसेटिक आम्लात ०.४ टक्के एसआरबी. ॲसेटिक आम्लानेच धुणे. वाळल्यावर १० मिलिमोलर ट्रिस बेस. ही प्रथिन मोजते आणि मधले आम्लाचे धुणे पिवळा रंगही काढून नेते.

दुसरी अडचण माध्यमातच आहे. क्वेरसेटिन डीएमईएममध्ये ३७ °से. ला झपाट्याने विघटित होते आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. ‘क्वेरसेटिनने पेशी मेल्या’ यातला काही वाटा त्या पेरॉक्साइडचा असतो. १०० युनिट प्रतिमिली कॅटालेज घातलेली जोडप्लेट लावली. कॅटालेजने पेशी वाचत असतील तर तो विषारीपणा माध्यमाचा. सोडियम पायरुव्हेट असलेले माध्यमही पेरॉक्साइड गिळते, म्हणून पायरुव्हेट आहे की नाही हे प्रत्येक नोंदीत लिहायचे.

२६ एप्रिल

बाहेर ४३ °से. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. बहुतेक यंत्रांना खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा निदान ५ अंश थंड लागते, म्हणजे ३७ साठी खोली ३२ च्या आत. वीज गेली, एसी बंद पडला, खोली ३८ वर चढली की आतला आकडा ३९-४० दाखवू लागतो, आणि इन्व्हर्टरवर इन्क्युबेटर चालू असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पेशींचे काम करणाऱ्याने इन्क्युबेटरआधी एसीला जनरेटरची जोड द्यावी. आत स्वतंत्र काचेचा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत ठेवला आहे. सकाळी आणि संध्याकाळी तोच आकडा लिहायचा, दारावरचा नाही.

कोरड्या हवेमुळे ९६ वेलच्या प्लेटचे कडेचे वेल तीन दिवसांत आटतात आणि मात्रा वाढते. कडेच्या ३६ वेलमध्ये २०० मायक्रोलिटर पीबीएस, काम फक्त आतल्या ६० मध्ये. पाण्याचा ट्रे रोज भरायचा.

८ मे

मेलॅनिन. पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या (बी१६ ला ०.२५ टक्क्याचे एक-दोन मिनिट पुरते), मोजल्या, पीबीएसने दोनदा धुतल्या, पांढऱ्या कागदावर पेलेटचे (नळीच्या तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्याचे) फोटो एकाच दिव्याखाली. मग १० टक्के डीएमएसओ घातलेले १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३०० मायक्रोलिटर, ८० °से. ला एक तास, स्क्रूच्या झाकणाच्या नळ्या (साधी झाकणे उडतात), १० हजार जी, १० मिनिटे, वरचे द्रावण ४०५ नॅमीला. प्रमाण-रेषा कृत्रिम मेलॅनिनची, त्याच द्रावणात, त्याच ८० अंशांतून काढलेली.

पळसाच्या अर्काचे वेल नियंत्रणापेक्षा जास्त मेलॅनिन दाखवत होते. पेलेट मात्र तितके काळे नव्हते. यंत्राचा आकडा आणि पेलेट यांचे जुळले नाही की पेलेटवर विश्वास ठेवावा. नळीतल्या द्रावणाची ३५० ते ७५० नॅमीची पूर्ण पट्टी काढली. मेलॅनिनची रेषा डोंगराच्या उतारासारखी डावीकडून उजवीकडे सलग खाली येते, तिला कुठेही शिखर नसते. अर्काच्या वेलमध्ये ४०० ते ५०० च्या दरम्यान फुगवटा होता. होळीच्या पातेल्यात चुना टाकल्यावर जे होते तेच इथे झाले: पेशीत अडकलेले चाल्कोन १ नॉर्मल अल्कलीत गडद केशरी झाले आणि ८० अंशांच्या तासाभरात कॅटेकॉल ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी पडले. तपकिरी रंग ४०५ ला मेलॅनिनसारखाच मोजला जातो. क्वेरसेटिनही अल्कलीत हेच करते, फक्त कमी भडकपणे.

हा दोष एकट्या पळसाचा नाही. रंगीत फ्लेव्होनॉइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडची पद्धत जिथे जिथे एकत्र येतात तिथे वाढीचा आकडा संशयित धरावा.

१६ मे

वरच्या निदानाची खातरजमा तीन बाजूंनी. पहिली: मेलॅनिन न बनवणाऱ्या हाकॅट (मानवी त्वचेच्या केराटिनोसाइट) पेशींना तोच अर्क, तीच मात्रा, तेच तास, तीच अल्कली. तिथे जे ‘मेलॅनिन’ मोजले जाईल ते सगळे खोटे. दुसरी: बी१६ लाच २०० मायक्रोमोलर फिनिलथायोयुरिया देऊन टायरोसिनेज बंद करणे, वर अर्क, उरलेला रंग अर्काचा. तिसरी: अल्कली घालण्याआधी पेलेट इथेनॉल आणि डायइथिल ईथर (१:१) मध्ये १५ मिनिटे हलवून धुणे. ईथरचे काम हूडमध्येच, जवळपास हीटर किंवा बर्नर नको, आणि मेमध्ये बाटली फ्लॅमप्रूफ फ्रीजमधून लागेल तेवढाच वेळ बाहेर.

धुतलेल्या पेलेटच्या पट्टीतला फुगवटा बसला. जादा मेलॅनिनही त्याबरोबर गेले.

धुण्याने सगळे जात नाही. ऑक्सिडीकरण झालेले तपकिरी तुकडे प्रथिनाला सहसंयुज बंधाने चिकटतात. शंका उरेल तिथे मेलॅनिन रसायनानेच ओळखायचे: अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडने तोडून युमेलॅनिनपासून (काळ्या-तपकिरी मेलॅनिनपासून) होणारे पीटीसीए हे आम्ल एचपीएलसीवर मोजणे. जपानमध्ये इतो आणि वाकामात्सु यांनी ही पद्धत घडवली. महिनाभराच्या प्लेट त्यावर टाकणे परवडत नाही, पण जो रेणू ‘मेलॅनिन वाढवतो’ म्हणून पुढे न्यायचा त्याच्यासाठी ती टाळायची नाही.

३० मे

पेशीतले टायरोसिनेज. १ टक्का ट्रायटन असलेले फॉस्फेट बफर (पीएच ६.८) आणि प्रोटिएज रोधक, गोठवणे-वितळवणे, १२ हजार जी, ४ °से., २० मिनिटे. प्रथिन बीसीए पद्धतीने मोजले, ब्रॅडफोर्ड या दुसऱ्या पद्धतीला एवढे ट्रायटन चालत नाही. काळा लायसेट (फोडलेल्या पेशींचे द्रावण) बीसीएलाही फसवतो, म्हणून अभिकर्मक न घातलेला वेल वजा करायचा. सारखे प्रथिन, २ मिलिमोलर डोपा, ३७ °से., ४७५ नॅमी.

घट दिसली तर ती कशामुळे हे इथेच वेगळे करायचे. एन्झाइमचे काम अडले आहे, की एन्झाइमच कमी बनले आहे? औषध न दिलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये रेणू थेट घालून पाहिला, त्याने रोध झाला तर पहिले. दुसऱ्यासाठी डोपा झायमोग्राम (जेलमध्येच एन्झाइमला काम करू देऊन त्याची काळी पट्टी पाहणे): मर्कॅप्टोइथेनॉल नाही, उकळणे नाही, जेल थंडीत चालवून पीएच ६.८ च्या बफरमध्ये ५ मिलिमोलर डोपासोबत अंधारात ३७ °से. ला. जेलमधून जाताना सुटू शकणारा (सैलपणे बसलेला) रोधक एन्झाइमपासून वेगळा होतो. म्हणून लायसेटमध्ये रोध आणि झायमोग्रामवर पूर्ण काळी पट्टी असे दिसले तर एन्झाइमचे प्रमाण तेवढेच आहे, फक्त काम अडलेले होते. पट्टीच फिकी असेल तर पुढे एमआयटीएफकडे.

१३ जून

पाऊस आला, खोली आपोआप ३० वर. वेस्टर्नचे (जेलवर प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याचे) वेळापत्रक: फॉस्फो-सीआरईबीसाठी ३० आणि ६० मिनिटे, एमआयटीएफसाठी २ ते ४ तास, टायरोसिनेजसाठी ४८ तास. सगळे नमुने ७२ तासांना घेतले तर एमआयटीएफची चढण निघून गेलेली असते. सीआरईबी आणि बीटा-ॲक्टिन दोन्ही ४३ किलोडाल्टनच्या आसपास बसतात, म्हणून प्रत्येक रांगेत सारखे प्रथिन पडले का ते पाहायला ॲक्टिनऐवजी जीएपीडीएच.

आरएनएचे पेलेट करडे दिसले तर त्यात मेलॅनिन आले आहे आणि ते पीसीआरच्या एन्झाइमला अडवते. सीडीएनए (आरएनएवरून केलेला डीएनए) दहापट पातळ करून पाहावे. सीटी (ज्या फेरीला संकेत दिसतो तो आकडा) अपेक्षेइतके मागे न सरकता जागेवर राहिले किंवा पुढे आले तर रोध होता हे सिद्ध. कॉलमवरून शुद्धीकरण, नाहीतर मिश्रणात बीएसए.

२४ जून

बावचीचा अर्क या मालिकेतून काढला. बीज काष्ठौषधींच्या दुकानात लगेच मिळते, कोडावर परंपरेने वापरतात, आणि त्यात बाव्हाचिन, आयसोबाव्हाचाल्कोन असे फ्लेव्होनॉइड आहेतही. पण त्याच बियांत सोरालेन आहे, जे फ्लेव्होनॉइड नव्हे, फ्युरानोकुमारिन आहे. सोरालेन डीएनएच्या जोडांमध्ये शिरते आणि यूव्ही-ए पडला की धागे एकमेकांना बांधते. खिडकीशेजारच्या टेबलावर प्लेट राहिली तरी निकाल बदलू शकतो. टीएलसीची पट्टी (घटक वेगळे करणारा पातळ थर) ३६५ नॅमीखाली धरली की निळसर चमकणारे डाग दिसतात. ते डाग असेपर्यंत कच्च्या अर्कावरून फ्लेव्होनॉइडबद्दल काहीच म्हणता येत नाही. घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसल्याने फोड आणि भाजल्याच्या जखमा होतात. हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचे.

४ जुलै

शुद्ध रेणूंची तुलना आता कच्च्या अर्काआधी. रचना आणि दिशा यांचा संबंध असा मांडला आहे. ल्युटिओलिन, एपिजेनिन: तिसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल नाही, प्रसिद्ध कामात मानवी मेलॅनोमा पेशींत हे मेलॅनिन कमी करणाऱ्या बाजूला आढळतात. केम्फेरॉल: मशरूमच्या एन्झाइमला रोधक, पण त्याच मानवी पेशींत मेलॅनिन वाढवणारा. क्वेरसेटिन: मशरूमवर रोध, तरीही २००४ च्या जपानी कामात मानवी मेलॅनोमा पेशी आणि साध्या मेलॅनोसाइट दोन्हींत टायरोसिनेजचे प्रमाण आणि काम वाढलेले. मोसंबी-संत्र्यांच्या वर्गातले नॅरिंजेनिन: बी१६ मध्ये वाढ, बीटा-कॅटेनिन आणि एमआयटीएफच्या वाटेने. ज्येष्ठमधातले ग्लॅब्रिडिन: घट.

परीक्षानळीतला रोध पेशीत वाढ कशी होतो, याचे उत्तर मात्रा आणि जागा यात आहे. टायरोसिनेज मेलॅनोसोमच्या आत बंद असते. तिथपर्यंत पोहोचणारा रेणू थोडा. बाहेर, संदेशवहनाच्या साखळीवर बसणारा जास्त. आत थोडासा रोध आणि बाहेरून एन्झाइमची निर्मिती दुप्पट, तर बेरीज वाढीचीच येणार. कांद्याच्या टरफलाचा अर्क म्हणूनच पळसाच्या जोडीला घेतला: धुळे-साक्रीकडे टरफलाला तोटा नाही आणि कोरड्या सालीत क्वेरसेटिन मोकळ्या रूपात भरपूर असते.

घटीच्या बाजूला एक धोका कायम डोळ्यांपुढे ठेवायचा. २०१३ मध्ये जपानमध्ये ऱ्होडोडेंड्रॉल असलेली उजळपणाची उत्पादने परत मागवावी लागली, वापरणाऱ्यांच्या त्वचेवर पांढरे डाग पडले म्हणून. तो रेणू टायरोसिनेजला अडवताना स्वतःच त्याचे भक्ष्य होऊन विषारी क्विनोन बनत होता आणि रंगपेशीच मरत होत्या. कॅटेकॉल किंवा पॅरा-फिनॉल गट असलेला कोणताही रोधक आमच्याकडे या चाचणीतून जाईल: टायरोसिनेज असलेल्या आणि फिनिलथायोयुरियाने ते बंद केलेल्या पेशींतील मृत्यूची तुलना. बंद केल्यावर पेशी जगत असतील तर रेणू बाद, मेलॅनिन कितीही घटले तरी. स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने चेहरे जाळून घेतलेली पोरे तालुक्याच्या गावांत रोज दिसतात, त्यात आणखी एका ‘नैसर्गिक’ नावाची भर आमच्या हातून पडायची नाही.

१५ जुलै

यापुढे प्रत्येक प्लेटच्या पानावर हे रकाने असल्याशिवाय मेलॅनिनची टक्केवारी लिहायची नाही: पेशींची संख्या, एसआरबी, हाकॅटमधला खोटा रंग, धुतलेल्या पेलेटचे ४०५ चे वाचन, आणि ३५० ते ७५० ची पट्टी. वाचन मायक्रोग्रॅम मेलॅनिन प्रति दहा लाख पेशी असे, नुसते ‘नियंत्रणाच्या टक्के’ नको.

पुढची फेरी मानवी मेलॅनोसाइटवर. त्यांचे माध्यम वेगळे, वाढ संथ, आणि त्यात अल्फा-एमएसएचचा परिणाम उंदराच्या पेशींइतका ठळक येत नाही, म्हणून सायक्लिक एएमपी थेट वाढवणारे फोर्स्कोलिन सोबत ठेवायचे. त्याआधी बी१६ मधली ब्युटेइन, ब्युटिन, केम्फेरॉल आणि नॅरिंजेनिन यांची ५, १०, २५, ५० मायक्रोमोलरची मालिका पूर्ण करायची, औषध दर २४ तासांनी ताजे बदलून, कारण माध्यमात ते टिकत नाही.

शुद्ध ब्युटेइन फक्त १० मिग्रॅ आहे. ७३५ मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये विरघळवले की ५० मिलिमोलर होईल; २० मायक्रोलिटरच्या कुप्या करून आर्गॉन भरून उणे ८० वर. ते पेशींच्या प्लेटसाठीच राखायचे, मशरूमच्या चाचणीला द्यायचे नाही.